गल्ली क्रिकेटचे जुने नियम गोळा करतोय, तुमच्याकडे काय काय होतं?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पोरांची मॅच असते, दरवर्षी तीच, टर्फवर, सहा सहा ओव्हरची. यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं की एकदा पोरांना आपल्या लहानपणीच्या नियमांनी खेळवू, पार्किंगच्या मागे जो लांबोळका बोळ आहे तिथे, भिंतीवर खडूने स्टंप काढून. सगळ्यांनी उचलून धरलं आणि नियम लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. लिहायला बसलो तर अडचण अशी की आम्ही सगळे बाप लोक वेगवेगळ्या गावचे आणि प्रत्येक जण आपल्याच गल्लीचे नियम खरे म्हणून सांगतोय. म्हणून इथे विचारतोय.

माझं बालपण जुन्या नाशकातलं. बोळ इतका अरुंद की समोरून सायकल आली की खेळ थांबायचा. ऑफला भिंत, लेगला भिंत आणि बॉलरच्या मागे पिठाची गिरणी. आमच्याकडे एक टप्पा एक हात आउट होतं. भिंतीला लागून आलेला कॅचही एका हातानेच घ्यायचा, दोन हातांनी घेतला तर नॉट आउट. गिरणीत बॉल गेला की आउट, आणि ज्याने मारला त्यानेच आणायचा, कारण आत पट्टा फिरत असायचा आणि काका पट्टा थांबेपर्यंत कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. बॉल पिठाने पांढरा होऊन यायचा, तो शर्टाला पुसेपर्यंत बॉलरला पुढचा बॉल टाकता यायचा नाही हा पण नियमच होता. टॉसला नाणं कोणाकडे नसायचं, एक चपटी खापरी घ्यायची, एका बाजूला थुंकायचं आणि उडवायची, ओली का सुकी. पहिला बॉल ट्राय. लास्ट मॅनला एकट्याला बॅटिंग. पोरं विषम झाली की एक जण कॉमन, तो दोन्हीकडून बॅटिंग करणार.

आता अडलंय ते असं. अंडरआर्म ठेवू की ओव्हरआर्म? बॉल कोणता? वरच्या मजल्याच्या खिडक्यांचं काय? आणि जमलं तर मॅच बघायच्या आठवणी पण लिहा, कारण दुपारी जेवणं झाल्यावर पोरांना ते पण सांगायचंय. आमच्याकडे १९९३ च्या हिरो कपची सेमीफायनल अख्ख्या बोळाने एका टीव्हीवर बघितली, ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला होता आणि आम्ही खाली पोती टाकून बसलो होतो, नोव्हेंबरची थंडी, बायका शाली घेऊन ओट्यावर. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला सहा हवे होते आणि अझरने बॉल सचिनच्या हातात दिला तेव्हा एक आजोबा उठून घरात निघून गेले, त्यांना बघवेना. सचिनने तीन दिले फक्त, दोन रनने जिंकलो, आणि आजोबांना आत जाऊन सांगायला आम्ही पोरं एकमेकांना ढकलत धावलो.

लिहा सगळ्यांनी.

सरपटी_स्पेशल

अंडरआर्म ठेवा, दुसरा विचारच नको. बोळात ओव्हरआर्म म्हणजे खिडक्या जाणार आणि लहान पोरं बॅट धरायला घाबरणार. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो, आमच्याकडे ओव्हरआर्म फक्त मैदानावर, चौकात कायम अंडरआर्म.

आमचा चौक सांगतो म्हणजे नियम का तसे होते ते कळेल. तीन मजले, तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या, एका कोपऱ्यात नळ आणि मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात जिना. पळायला जागाच नाही कारण सकाळी बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या आणि त्यांच्या मधून पळालेलं कोणीच खपवून घेतलं नसतं. म्हणून रन पळायचे नाहीत, डिक्लेर असायचे. समोरच्या भिंतीला बॉल जमिनीलगत जाऊन लागला की टू डी, जिन्याखाली गेला की वन डी. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डायरेक्ट गेला तर आउट, टप्पा पडून उडून गेला तर टू डी. दुसऱ्या मजल्यावर कसाही गेला तरी आउट आणि त्या दिवसापुरती त्याची बॅटिंग संपली, कारण तिथे बाळंतीण असो, परीक्षेचा अभ्यास असो, काहीतरी कायम असायचंच.

स्टंप कोळशाने भिंतीवर. आता भांडण कशावर व्हायचं, तर बॉल स्टंपला लागला की बाजूला. त्याला आमच्याकडे उपाय होता, ओव्हर सुरू होताना बॉल मोरीत बुडवून आणायचा. ओल्या बॉलचा भिंतीवर गोल ठसा उठतो, जाऊन बघायचं, रेषेला ठसा लागलाय का, संपलं. उन्हाळ्यात ठसा लगेच वाळतो म्हणून बॅट्समनने आणि बॉलरने दोघांनी एकदमच धावत जायचं. तुमच्या पोरांना हे नक्की दाखवा, त्यांना फार आवडेल.

आणि ह्या नियमांनी बॅटिंग कशी घडायची ते पण सांगा त्यांना. आडवा मारला की गॅलरी, उचलला की गॅलरी, म्हणजे सरळ बॅटने खाली ठेवूनच मारायला लागायचं. आमच्यापासून काही फार लांब नाही ती चिखलवाडी, जिथे सुनील गावस्कर लहानाचे मोठे झाले. त्यांची आई त्यांना टेनिस बॉल टाकायची आणि एकदा त्यांनी सरळ मारलेला बॉल आईच्या नाकावर बसला, हे त्यांनीच लिहिलेलं आहे. मी कायम म्हणतो की मुंबईच्या बॅट्समनचा सरळ बॅटचा हट्ट मैदानाच्या आधी चाळीत आणि बिल्डिंगच्या आवारात तयार झाला. मैदानावर कोच लोकांनी त्याला पॉलिश केलं असेल, पण मूळ इथलं.

मॅच बघायचं म्हणाल तर २५ जून १९८३, शनिवार, वेस्ट इंडिजबरोबर वर्ल्ड कपची फायनल. पहिल्या मजल्यावर एकाच घरात टीव्ही, आणि त्या काकूंनी खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावला होता म्हणजे माणसं जास्त मावतील. आपण १८३ ला ऑल आउट झालो आणि निम्मी मोठी माणसं चपला घालून गेली. रिचर्ड्स चौकारांवर चौकार मारत होता, उरलेले पण उठायच्या बेतात होते, आणि मग मदनलालला त्याने तो उंच मारला आणि कपिल उलटा पळत सुटला. कॅच घेतल्यावर आधी कोणी ओरडलंच नाही, एक सेकंद, कारण कोणाला खरंच वाटेना, आणि मग गॅलरीतून जो आवाज गेला तो ऐकून गेलेले सगळे जिन्यावरून परत वर. त्यानंतर दाराबाहेर पण जागा नव्हती. मी एका दादाच्या खांद्यावर बसून वेस्ट इंडिजच्या विकेट बघितल्या. १४० ला ऑल आउट. अमरनाथने होल्डिंगला पायचीत केलं तेव्हा त्या काकू देवापुढे साखर ठेवायला गेल्या होत्या, त्यांची शेवटची विकेट हुकली, त्यांना आम्ही नंतर सगळं करून दाखवलं, कोण कसा पळाला, स्टंप कसे उपटले.

ठाणे_पश्चिम

खिडक्यांसाठी सोपं आहे, काच असलेल्या बाजूला लागला की आउट आणि टीमचे पाच रन कट. आमच्याकडे हेच होतं. पाच रन कट म्हटलं की टीमवालेच बॅट्समनला दम देतात, अंपायरला काही बोलावं लागत नाही.

बेबी ओव्हर विसरू नका, तीन बॉलची. सगळ्यांना बॉलिंग मिळते.

आडाकाठी

मी पुण्याची, पेठेतल्या वाड्यातली. तुम्ही सगळ्यांनी पोरं पोरं लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहितेय, आम्ही मुलीपण खेळायचो हो.

आमच्या वाड्यात मुलं कमी पडायची म्हणून भाऊ मला न्यायचा. सुरुवातीला मी कच्चा लिंबू. म्हणजे मला हळू बॉल टाकणार, मी आउट झाले तरी आउट धरणार नाहीत आणि माझे रन पण मोजणार नाहीत. आणि मला त्याचा अतिशय राग यायचा. बाकीच्यांना वाटायचं की आपण हिला सांभाळून घेतोय, पण ज्याचा रन मोजत नाहीत त्याला खेळात घेतलेलंच नसतं.

मला खरी जागा मिळाली ती आडामुळे. वाड्याच्या चौकात आड होता, त्यावर लोखंडी जाळी, पण एका बाजूला गंजून तुटलेली आणि बॉल बरोबर तिथूनच आत जायचा. आडात बॉल गेला की बॅट्समन आउट आणि बॉल निघेपर्यंत मॅच बंद. पोहरा सोडायचा. पोहरा पाण्यावर आपटला की लाटेने बॉल लांब कडेला जातो, म्हणून शेवटचा हातभर दोर अगदी हळू सोडायचा, पोहरा आडवा करून पाण्यात बुडू द्यायचा आणि बॉल त्याच्या वर तरंगत आला की मग एका दमात वर ओढायचा. मुलं घाई करायची, धपकन सोडायची, बॉल कडेच्या कपारीत जाऊन बसायचा. मला ते जमायचं कारण मी आजीबरोबर पाणी काढायचे. एकदा संध्याकाळ व्हायला आली, एकच बॉल, तो आत, दोन्ही टीम जाळीवर वाकलेल्या, आणि मी तो काढून दिला. काढून दिला पण हातात ठेवला आणि म्हटलं, उद्यापासून माझी आउट खरी आउट आणि माझे रन खरे रन, नाहीतर हा परत टाकते. त्या दिवसापासून मी विकेटकीपर. पुढे सोसायटीत राहायला गेल्यावर पण कीपरच.

म्हणून माझी विनंती एवढीच की २६ जानेवारीला मुलींना सरळ टीममध्ये घ्या, कॉमन नाही आणि कच्चा लिंबू तर नाहीच नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी वाय पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रननी हरवून वर्ल्ड कप घेतला तेव्हा मी आणि माझी मुलगी दोघी रडलो, माझं रडणं वेगळं होतं आणि तिचं वेगळं. सांगलीची स्मृती मानधना माझ्या मुलीला घरातलीच कोणी वाटते. माझ्या लहानपणी डायना एडलजी, शांता रंगास्वामी ही नावं मला पेपरात क्वचित कधीतरी कोपऱ्यात दिसायची, टीव्हीवर नाहीच.

मॅच बघायची आठवण, बाबांबरोबर नेहरू स्टेडियम, २९ फेब्रुवारी १९९६. वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. मॅच एकतर्फी होणार असं धरूनच सगळे वेस्ट इंडिजच्या लाराची बॅटिंग बघायला आलेले. केनियाने १६६ केले आणि आमच्या मागचे लोक घरी कधी जायचं ते ठरवायला लागले. मग लारा आला आणि विकेटमागे कॅच आउट झाला. कॅच घेणारा केनियाचा कीपर चष्मेवाला होता! मी पण चष्मेवाली, मी पण कीपर, मला दुसरं काही दिसेचना त्या मॅचमध्ये. वेस्ट इंडिज ९३ ला ऑल आउट. केनियाच्या खेळाडूंनी मैदानाला चक्कर मारली तेव्हा पुणेकर उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि बाबा मला म्हणाले नीट बघून घे, असं परत बघायला मिळणार नाही.

गोदाकाठचा

आडाकाठी ताई, शंभर टक्के. आत्ताच ग्रुपवर टाकलं, टीम मुलं मुली मिळूनच, सगळ्यांचे रन खरे. कॉमन लागलाच तर तो बापांपैकी एक होईल.

सरपटी दादा, ओल्या बॉलची आयडिया भारीच. पण टेनिस बॉल भिजला तर जड होतो, मग रबरी घ्यायचा का? रबरी लागतो जोरात, आमच्याकडे आया ऐकणार नाहीत.

रंकाळ्यावरचा

भावा एक नियम आमच्याकडनं पण घे. मॅच चालू असताना हरायला लागल्यावर "आई बोलावतीया" म्हणून जो बॅट घेऊन घरी जातोय त्याला दुसऱ्या दिवशी शेवटची बॅटिंग. बॅट त्याची असली तरी. हे लई महत्त्वाचं आहे, बॅटवाला पोरगा म्हणजे मालक असं होऊन चालत नाही.

आणि आमच्या तालमीजवळ एक वस्ताद असायचे, कोणी असं मधनंच पळालं की ते भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगायचे. आमच्या कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८, पुण्यात, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजीची मॅच. निंबाळकर ४४३ नाबाद, ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम अगदी हाताशी, आणि ब्रेकमध्ये काठियावाडच्या कॅप्टनने सांगितलं आम्ही मॅच सोडली, आम्ही चाललो. झालं, ४४३ वरच राहिलं. एवढं करून पण ते देशाकडनं एक टेस्ट खेळले नाहीत. वस्ताद हे सांगताना आवाज चढवायचे आणि मग त्या पळणाऱ्या पोराकडं बघून म्हणायचे, जा, तू पण जा काठियावाडला. आमच्याकडं कोणी खेळ सोडून चालला की अजून "चालला काठियावाडला" म्हणत्यात, निम्म्यांना कारण पण माहीत नसंल.

गडग्यापलीकडे

सगळ्यांचं वाचलं, फार बरं वाटलं. मी वयाने मोठा आहे तुमच्यापेक्षा, सिंधुदुर्गातला, आमच्याकडे गल्लीच नव्हती. भात कापून झालं की कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, मोकळा व्हायचा, त्यात खेळायचं. कापलेल्या भाताची खुंटं टोकदार असतात, अनवाणी पायाला लागतात, म्हणून मधली पट्टी आम्ही पोरांनीच खुंटं उपटून, पाणी मारून, चोपण्याने चोपून तयार करायची आणि वर शेणाने सारवायची. दोन दिवस वाळली की असला सुंदर बाउन्स! पट्टीच्या बाहेर टप्पा पडला तर बॉल खुंटावर आपटून कुठेही जायचा, म्हणून बाहेरचा टप्पा नो बॉल. बॅट माडाच्या झावळीच्या बुंध्याकडच्या जाड भागाची, कोयत्याने तासून मूठ करायची. ताजी असताना जड, वाळली की हलकी आणि मग मोडायची. म्हणून दर मॅचला दोन तासून ठेवलेल्या असायच्या.

बाउंड्री म्हणजे बांध. पलीकडे दगडांचा गडगा आणि गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या. गडग्यापलीकडे गेला की सिक्स, पण बॉल सापडेपर्यंत फिल्डिंगवाल्यांना सोडायचं नाही. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी यायचे तेव्हा मुंबईकर विरुद्ध गाववाले अशी नारळाची मॅच. त्यांच्याकडे खरी बॅट असायची, पट्टी मात्र आमची. सरपटी दादा म्हणतात ते सरळ बॅटचं अगदी खरं असणार, कारण ती मुंबईची मुलं इतकी मोठी मोकळी जागा असून पण सरळच मारायची! आम्ही आडवे. दोघांनाही एकमेकांचं बघून नवल वाटायचं.

बघणं आमच्या वाट्याला नव्हतंच, ऐकणं होतं. आकाशवाणीवर मराठीत समालोचन लागायचं, बाळ ज. पंडितांचा आवाज. वडिलांचा रेडिओ खळ्यात आणून ठेवायचा, सेल संपत आले असतील तर दुपारी उन्हात तापवून परत घालायचे. आणि आम्ही भावंडं शेणाने सारवलेल्या खळ्यात खडूने मोठा गोल काढून त्यात आदल्या वर्षीच्या काजूबिया मांडायचो, फिल्डर म्हणून. पंडित सांगणार, मिडऑफचा क्षेत्ररक्षक थोडा मागे गेलाय, की आम्ही बी मागे सरकवायची. बॅट्समन चिंचोक्याचे. जानेवारी १९७५ ची वानखेडेवरची पहिली टेस्ट आम्ही अशी सगळी खळ्यात मांडली. वेस्ट इंडिजच्या लॉइडने नाबाद २४२ केले, त्या दिवशी आमच्या सगळ्या बिया गोलाच्या काठावर जाऊन बसल्या होत्या. मग आपल्याकडून एकनाथ सोलकर १०२. हिंदू जिमखान्याच्या ग्राउंड्समनचा मुलगा. फिल्डिंगला बॅट्समनच्या नाकासमोर उभा राहायचा, शॉर्ट लेगला, तेव्हा हेल्मेट नव्हती. सोलकरची बी माझ्या बहिणीने वेगळी काढून ठेवली होती, जरा मोठी आणि लालसर, ती दुसऱ्या कोणाला हलवू द्यायची नाही.

तुम्हाला दुपारच्या कार्यक्रमात हे करता येईल बघा. एखाद्या जुन्या मॅचचं वर्णन वाचा आणि पोरांना बिया मांडायला लावा. फिल्डिंगची नावं आपोआप पाठ होतात.

डोंबिवली_फास्ट

काका, काजूबियांचं वाचून अंगावर काटा आला.

मी मात्र ओव्हरआर्मच्या बाजूने. अंडरआर्म वेगळा खेळ आहे, चांगला आहे, मान्य, पण पोरांना पळत येऊन टाकायची मजा पाहिजे. बट्टा टाकणाऱ्याला, म्हणजे कोपर वाकवून फेकणाऱ्याला, एक वॉर्निंग, मग नो बॉल. बोळ लांबोळका आहे म्हणताय ना, मग सोपं आहे, टेनिस बॉल, आणि रन फक्त समोरच्या भिंतीचे. मागे गेलेल्याला रन नाही. आम्ही बिल्डिंगच्या मागे असंच खेळायचो, मधे गटाराची फरशी होती, ती पिचची रेघ.

सरपटी_स्पेशल

फास्ट भाऊ, आठ वर्षांची पोरगी आणि सोळा वर्षांचा पोरगा एकाच मॅचमध्ये असणार आहेत. अंडरआर्मला दोघं बरोबरीला येतात, सरपटी आणि टर्न ज्याला जमेल तो राजा, तिथे अंगाच्या ताकदीचं काही चालत नाही. ओव्हरआर्मला सोळावाला तिला हळू टाकणार, म्हणजे परत कच्चा लिंबूच झाला ना. आडाकाठी ताईंनी काय लिहिलंय ते वाचा परत.

डोंबिवली_फास्ट

हा मुद्दा बरोबर आहे. अंडरआर्मला माझं पण मत धरा मग.

संत्रा_बर्फी

नागपूरवरून रामराम. रबरी का टेनिस यावर इतकं काय अडलंय राजेहो, रिंग बॉल बनवा ना! आम्ही पोट्टे त्यानंच खेळायचो. सायकलच्या ट्यूबच्या रिंगांचा बॉल. भिंतीवर ओला ठसा पण मस्त उठते त्याचा, पाणी पीत नाही, फक्त वरून ओला होते.

आमच्याकडे मे महिन्यात खेळायची वेळ सकाळी साडेपाच ते साडेसात, नंतर ऊन असं की मैदानात उभं राहणं शक्यच नाही. म्हणून ज्याच्या घरी कूलर बाहेरून दिसते त्याच्या खिडकीला बॉल लागला की डायरेक्ट आउट, कूलरची ताटी फाटली तर पूर्ण घर दुपारभर तापणार. लोकांनी खिडक्यांचे नियम सांगितले, आमचा कूलरचा.

आणि आता ३१ ऑक्टोबर १९८७ सांगितल्याशिवाय मी उठत नाही. आम्ही सदरला राहायचो, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए ग्राउंड तिथून जवळच. वर्ल्ड कप, न्यूझीलंडबरोबर मॅच. मोठे पोट्टे तिकिटं घेऊन आत, आम्ही लहान घरी टीव्हीसमोर. चेतन शर्मानं रदरफोर्डचा स्टंप काढला, मग इयान स्मिथचा, मग चॅटफिल्डचा, तिघंही बोल्ड, वर्ल्ड कपमधली पहिलीच हॅटट्रिक. आणि तिसऱ्याला काय झालं सांगू, टीव्हीतला आवाज आणि खिडकीतून येणारा ग्राउंडचा आवाज दोन्ही एकत्र झाले आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला वाटलं काही तरी कोसळलं. दीड वर्ष आधी शारजात मियांदादनं शेवटच्या बॉलला सिक्स मारला तो याच चेतन शर्माला, तेव्हा आमच्या गल्लीत लोक त्याला काय काय बोलले होते. त्या दिवशी त्याच लोकांनी पेढे वाटले.

मग गावस्कर. अंगात ताप, आणि ८८ बॉलमध्ये नाबाद १०३! चॅटफिल्डच्या एका ओव्हरमध्ये दोन सिक्स दोन फोर. वनडेत त्याची तेवढी एकच सेंचुरी, आणि पुढच्या मॅचला, मुंबईच्या सेमीफायनलला, तो शेवटचा खेळला. म्हणजे ती सेंचुरी आख्ख्या दुनियेत फक्त नागपूरच्या वाट्याला आली. आमच्या गल्लीत त्यानंतर कित्येक महिने बॅटिंगला जाताना पोट्टे आधी कपाळाला हात लावून ताप बघायचे, ताप असला तर चांगला खेळशील म्हणायचे.

आडाकाठी

संत्रा बर्फी, तो रिंग बॉल कसा करायचा ते नीट लिहाल का? आमच्या सोसायटीत पण करून बघते. नुसत्या रिंगा एकावर एक चढवल्या की सुटत नाहीत का त्या?

गोदाकाठचा

हो हो, लिहाच. अंडरआर्म नक्की झालं, खिडकीला पाच रन कट नक्की, काठियावाडचा नियम पण घेतला. काका, काजूबियांसाठी १९८३ ची फायनल घेतोय, वर्णन माझी बायको वाचणार आहे. बॉल तेवढा राहिलाय.

संत्रा_बर्फी

लिहितो. पंक्चरवाल्याकडे जा, फुटक्या ट्यूब मागा, तसेच देते तो. ट्यूब पाण्यानं धुऊन पुसून घ्या, आत पांढरी पावडर असते. मग कात्रीनं आडव्या रिंगा कापा, बोटाएवढ्या रुंद, थोड्या त्याच्यापेक्षा बारीक पण ठेवा. व्हॉल्व्हजवळचा भाग सोडून द्या, तो कडक असते.

आतला गोळा सुती चिंधीचा करा, कागदाचा नका करू, कागद चार सिक्समध्ये भुगा होते आणि बॉल एका बाजूनं बसते. चिंधी घट्ट गुंडाळून लिंबापेक्षा थोडी मोठी करा आणि वरून सुतळी फिरवा. आता बारीक रिंगा आधी. एक उभी चढवली की दुसरी आडवी, तिसरी तिरपी, दर वेळी बॉल हातात फिरवायचा. ताई तुमचं बरोबर आहे, सगळ्या एकाच दिशेनं चढवल्या तर सुटतात, एकमेकीवर आडव्या गेल्या की मग निघत नाहीत. रुंद रिंगा शेवटी, त्या वरची साल. बॉल हातात मावेनासा झाला की थांबा, जास्त चढवल्या तर जड होते आणि लागते. झाल्यावर पाच मिनिटं फरशीवर आपटत राहा, ज्या रिंगा ढिल्या आहेत त्या तेव्हाच वर येतात, त्या काढून दुसऱ्या घाला. एका सायकलच्या दोन ट्यूबमध्ये एक बॉल आरामात होते. तुम्ही निदान चार बनवून ठेवा, आणि पोट्ट्यांनाच बनवायला बसवा, आदल्या दिवशी.